'बाहेर' म्हटलं की आत

कुत्रं पाळायची हौस मला कधीच नव्हती, हे आधीच सांगून टाकते. ज्यांना हौस आहे त्यांनी खुशाल पाळावं, मांडीवर घ्यावं, फोटो काढावेत. मी मच्छे गावातल्या कारखान्यात दिवसभर पॅकिंगला उभी असते. संध्याकाळी घरी येते तेव्हा माझे पाय माझे राहिलेले नसतात. त्यात पिल्लू म्हणजे दिवसातनं सात-आठ वेळा खाली वाकणं, पोतेरं पिळणं, परत वाकणं. पण ते घरात आणलं मीच, तेव्हा तक्रार कुणाकडं करणार?

आणलं ते आप्पांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी. आई गेल्यावर मी त्यांना अनगोळला माझ्या घरी आणलं. आम्ही दोघी बहिणीच, भाऊ नाही. थोरली आक्का निपाणीला दिलेली. तिच्या घरात सासू-सासरे, दीर-जावा, तंबाखूचं रान, चार म्हशी. माझं घर मोकळं. नवरा गोव्याला नोकरीला, पंधरवड्यातनं एकदा येतो. लेक हुबळीला शिकायला. तेव्हा आप्पा माझ्याकडं, हे कुणी न बोलताच ठरून गेलं.

पण लेकीच्या घरी राहायचं म्हणजे जुन्या माणसाला अवघड वाटतं. स्वतःच्या पोरीच्या घरात आप्पा पाहुण्यासारखे वागायचे. चहा मागायचे नाहीत. पंखा लावायच्या आधी "लावू का गं?" म्हणून विचारायचे. जावई आला की खाटेवरनं उठून उभे राहायचे. मग हळूहळू उठणंच बंद झालं. हॉलमधल्या खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. सकाळी मी झाकून ठेवलेली भाकरी संध्याकाळी तशीच्या तशी असायची.

"आप्पा, जेवला न्हाय?"

"जेवलो की."

मी भाकरी उचलून आत नेली.

पॅकिंगला माझ्या शेजारी उभी राहते ती बाई बैलहोंगलकडची, कन्नड बोलणारी, मराठी मोडकंतोडकं. तिच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली होती. ती म्हणाली, एक घेऊन जा, म्हाताऱ्या माणसाला कुणीतरी उठवायला पाहिजे. मीही घेऊन आले, भाजीच्या पिशवीत घालून, बसमधनं. तांबड्या रंगाचं गावठी पिल्लू, एक कान उभा, एक पडलेला. नाव ठेवायचं नाही असं मी ठरवलं. नाव ठेवलं की ते घरचं होतं, मग काढता येत नाही.

आक्काला फोनवर कळलं तशी ती तडकलीच. "येड लागलंय काय गं तुला? आधीच आप्पांचं करून कंबर मोडलीया, त्यात ह्ये कशाला?" मग ती जरा निवळली. "बरं ऐक. म्हैनाभर बघ. घरात मुतायचं थांबलं तर ठेव. न्हाय थांबलं तर मी येऊन रानात घेऊन जाते. हितं कुणाला पुसायला लागत न्हाय." मी बरं म्हटलं. थोरली बहीण म्हणजे आमच्याकडं निम्मी आईच, तिच्यापुढं कोण तोंड उघडणार?

पिल्लू आलं त्या दिवशी आप्पा कुशीवर वळले, एवढंच. दुसऱ्या दिवशी उठून बसले. चौथ्या दिवशी मी कामावरनं आले तर आप्पा फाटकाशी उभे, पायांत चपला, हातात सुतळी, सुतळीच्या टोकाला ते पिल्लू. आई गेल्यापासनं आप्पांच्या पायांत मी चपला बघितल्या नव्हत्या. पुढच्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत जायला लागले. भाकरी संपायला लागली. निम्मी कुत्र्याच्या पोटात जायची ते मला दिसत होतं, पण निम्मी तरी आप्पांच्या पोटात जात होती. हे पिल्लू गेलं की आप्पा परत भिंतीकडं तोंड करणार, हे मला स्वच्छ कळत होतं. म्हणून मी पुसत राहिले.

आणि काय पुसलं म्हणता! खाटेखाली, देवघरापुढं, फ्रिजच्या मागं, माझ्या धुतलेल्या साडीवर. ज्याला त्याला सल्ला द्यायची हौस. कुणी म्हणे खाल्ल्या-खाल्ल्या बाहेर न्या. कुणी म्हणे झोपून उठलं की उचला आणि पळा. कुणी म्हणे कोपऱ्यात पेपर टाका, ते पेपरावरच करतं. टाकला पेपर. तर आमचे आप्पा पेपर खाली फरशीवर पसरून वाचणारे. एकदा ते अग्रलेखावर ओणवे झालेले असताना ह्यानं येऊन पहिल्या पानाचा निकाल लावला. आप्पा म्हणाले, "चालतंय, नायतरी त्यात काय नव्हतं." मला हसूही येईना. फिनेलच्या वासानं जेवण जाईना झालं होतं.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट वेगळीच होती. ते करायच्या बेतात गोल फिरायला लागलं, की मी लांबनं ओरडायची, "बाहेर! बाहेर!" दार उघडं, अंगण समोर, तरी ते शेपूट हलवत सुसाट माझ्याकडं यायचं आणि माझ्या पायांशी येऊन मोकळं व्हायचं. जितक्या जोरानं ओरडावं तितकं जोरानं येणार. मला वाटायचं, मुद्दाम करतंय मेलं. एकदा पेपराची सुरळी करून दोन फटके दिले. ते लोळण घालून माझ्या तोंडाकडं बघत राहिलं. काय चुकलं ते त्याला कळलं नव्हतं आणि मलाही.

चहाच्या सुट्टीत मी हे रडगाणं त्या बैलहोंगलच्या बाईला सांगितलं. ती आधी नीट ऐकत होती. मग तिनं कप खाली ठेवला आणि पोट धरून हसायला लागली.

"अगं, तू त्याला 'बा' म्हणतीस की!"

'बा' म्हणजे कन्नडमध्ये 'ये'. तिच्या घरात पिल्लांपुढं दुधाची ताटली ठेवताना सगळे "बा, बा, बा" करत होते. आणि मी 'बाहेर' म्हणून खच्चून ओरडत होते. त्याला त्यातला पहिला 'बा' तेवढा कळायचा. मालकीण एवढ्या जिवाच्या आकांतानं बोलावतीय म्हणून ते बिचारं हातातलं काम तसंच घेऊन धावत यायचं. बँकेत, बसमध्ये, रेशनच्या दुकानात मी जन्मभर कन्नड बोलत आले, आणि माझ्याच हॉलमध्ये मला ते ऐकू आलं नाही! त्या दोन फटक्यांचं मला फार वाईट वाटलं.

घरी येऊन आप्पांना सांगितलं. आई गेल्यानंतर ते पहिल्यांदा मोठ्यानं हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "कन्नड मीडियमचं हाय की गं ह्ये! त्याला मराठी शाळंत घालून काय उपेग?" बोर्डावर मराठी पाहिजे का कन्नड यावरनं आमच्याकडं माणसं भांडत आलीत, आणि मी एका वितीच्या कुत्र्यापुढं हार मानली. दुसऱ्या दिवसापासनं "होरग नडी", म्हणजे बाहेर चल. आप्पा एकदम कडक आवाजात म्हणायचे. आप्पा कंडक्टर होते. अख्खी नोकरी सरकारी बसमध्ये काढली. "होरग नडी" म्हणताना मागच्या दारानं पॅसेंजर उतरवल्यासारखे हात करायचे. पिल्लूही मुकाट उतरायचं. अंगणात जायचं, पेरूच्या बुंध्याशी कार्यक्रम उरकायचं आणि बक्षिसाला परत यायचं.

आठवड्यात घर वाळलं. मी आक्काला फोन करून सांगितलंसुद्धा, जमलं म्हणून. आणि सांगून दोन दिवस झाले नाहीत तर सकाळी आप्पांच्या खाटेशी परत ओलं. दुसऱ्या सकाळीही. दिवसभर कुठं थेंब नाही, फक्त पहाटेनंतर, फक्त खाटेशी. मी वैतागले. इतकं सगळं करून परत पहिले पाढे पंचावन्न! आक्कानं विचारल्यावर खोटं बोलवेना. ती म्हणाली, "जाऊ दे. रविवारी येते, घेऊन जाते. तू बी माणूसच हाईस."

मंगळवारी झोपताना मी पिल्लाला मागच्या व्हरांड्यात ठेवून घरातनं दाराला कडी लावली. बुधवारी सकाळी उठले, कडी तशीच होती. पिल्लू पलीकडनं दार खरवडत होतं. आणि हॉलमध्ये खाटेशी ओलं होतं.

मी तिथं उभी राहिले. आप्पा भिंतीकडं तोंड करून, अंगावर घोंगडं ओढून पडलेले. जागे होते. झोपलेल्या माणसाचा खांदा इतका ताठ नसतो. घोंगड्याखालनं धोतराचं टोक दिसत होतं, ते धुऊन पिळलेलं होतं. निपाणीपासनं शेवटच्या स्टॉपपर्यंत एका जागी उभा राहून तिकिटं फाडणारा माणूस. ड्यूटीवर असताना पाणी बेतानं प्यायचं, हे त्यांनीच आम्हा पोरींना शिकवलेलं.

तेव्हा मी काय केलं? व्हरांड्याची कडी काढली, पिल्लाला हॉलमध्ये घेतलं आणि आप्पांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हटलं, "काय रं ह्ये, परत केलास का!"

घोंगड्याखालनं आवाज आला, "ल्हान हाय. ऱ्हाऊ दे."

गुरुवार, शुक्रवार, शनिवार, तीनही सकाळी आम्ही हेच बोललो. मी स्वतःला समजावत होते की मी त्यांची अब्रू राखतेय. बापाला लेकीनं असलं कसं विचारायचं? पण खरं सांगायचं तर मी दमले होते. डॉक्टर, तपासण्या, रबराची चादर, रोजचं धुणं, हे सगळं त्या एका प्रश्नामागं रांगेनं उभं होतं. तो प्रश्न मला माझ्या तोंडानं विचारायचा नव्हता. कुत्रं गेलं की आपोआप उघडं पडेल, मग आप्पाच सांगतील, असं मी मनाशी धरलं होतं. आणि एक पुसणं तरी कमी होईल. एवढी मी खालच्या पायरीला आले होते.

रविवारी आक्का पहिल्या गाडीनंच आली. हातात मोठी वेताची बुट्टी, वर बांधायला फडकं. फरशी मी अजून पुसली नव्हती. पुसली असती तर तिनं विचारलं नसतं, हे मला आत्ता कळतं. ती दारातच थांबली. "आज बी? बघ. ह्याला सवय लागत न्हाय गं. आण इकडं."

पिल्लू आप्पांच्या खाटेवर, त्यांच्या पायाशी बसलेलं होतं. मी त्याला धरायला गेले तर ते आप्पांच्या मागं सरकलं. मला काय झालं कुणास ठाऊक, मी टीपॉयवरचा पेपर उचलला आणि त्याची सुरळी केली. आक्का बघत होती ना! तिच्यापुढं नाटक पुरं करायला पाहिजे होतं.

"मारू नगो त्याला," आप्पा म्हणाले.

"मग काय पूजा करू?"

आप्पा उठून बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. आमच्या दोघींकडं बघितलं नाही, समोरच्या ओल्याकडं बघत बोलले.

"ते त्यानं न्हाय केलंय. मी केलोय."

आक्काच्या हातातली बुट्टी तशीच राहिली.

"रोजचं मीच," आप्पा म्हणाले. "पहाटं उठूस्तवर दम निघत न्हाय. त्याच्यावर खपतंय म्हणून गप बसलो. आता त्याला न्यायला आलीयास तर सांगतो. न्यायचंच असलं तर मला न्हे. त्याला हितं ऱ्हाऊ दे."

आक्का रडायला लागली. मला रडूही आलं नाही. आप्पांना हलकं वाटावं एवढंच माझ्या मनात होतं. इतकं लाजिरवाणं काही झालेलं नाही, घरातल्या माणसाला कळलं म्हणून काय बिघडतं, असं काहीतरी मला म्हणायचं होतं. मी त्यांच्या शेजारी खाटेवर बसले आणि म्हटलं, "आप्पा, मला ठावं होतं. बुधवारपासनंच."

आप्पांनी मान वळवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं.

"ठावं होतं?" ते म्हणाले. "मग त्याला का धाडत होतीस गं?"