मावशीचा विडा आणि छत्रीच्या काडीचं स्टिअरिंग

मालवणला जायचं ठरलं ते समुद्रासाठी नाही, हे आधीच सांगून टाकतो. समुद्राचे फोटो हवे असतील त्यांनी दुसरीकडे बघावं. मी गेलो होतो गाडी चढवायला, आणि तीही माझ्या मांडीवर मावणारी.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली, सिंधुदुर्ग जिल्हा नवा नवा झाला होता तेव्हाची. संध्याचा, म्हणजे माझ्या बायकोचा भाऊ मस्कतहून रिमोटवर चालणारी एक जपानी गाडी घेऊन आला होता. चारही चाकांना ताकद, फुगीर टायर. आज असल्या दगड चढणाऱ्या गाड्यांना रॉक क्रॉलर म्हणतात आणि त्यांचे क्लब असतात. तेव्हा पुण्यात मला एकट्यालाच हे वेड होतं. कारखान्यातल्या टूलरूममध्ये नोकरी असल्यामुळे कानस आणि ड्रिल हाताशी होतं, त्यामुळे वेडाला खतपाणी मिळत गेलं.

गाडीची चढायची ताकद झकास होती, पण वळायच्या नावाने बोंब. हवेत उचलून धरली की पुढची चाकं छान वळायची, दगडाला टेकली की सरळ राहायची. कारण आत एक स्प्रिंग होती. चाकाला धक्का बसला तर मोटर वाचावी म्हणून ती दबायची, आणि दगडावर तर ती सतत दबलेलीच. मी तिच्यावर सायकलच्या ट्यूबची रबरी पट्टी घट्ट गुंडाळली. चाकं जास्त वळावीत म्हणून आतले अडथळे कानशीने घासले. दोन चाकांना जोडणारी प्लॅस्टिकची दांडी अॅक्सलच्या पुढे होती, प्रत्येक दगड आधी तिलाच भेटायचा. ती काढून अॅक्सलच्या मागे नेली. एवढी शस्त्रक्रिया झाल्यावर खरे दगड हवेत, असं माझं म्हणणं पडलं. संध्या म्हणाली, "अहो, मग मावशीकडे चला. तिच्याकडे दगडाशिवाय आहे काय?"

पुण्याहून एसटीने कोल्हापूर, तिथून फोंडा घाट उतरून कणकवली, आणि पुढे मालवणच्या गाडीने कट्टा नावाच्या गावाच्या आसपास. आता रस्ता रुंद झालाय, स्वतःच्या गाडीने गेलात तरी फोंडा घाटात घाई करू नका आणि घाटाखाली वडा-उसळ खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. आमच्याकडे आंब्याच्या जुन्या पेटीत गाडी होती. कंडक्टरने विचारलं, "काय आहे यात?"

"गाडी."

"मग तिच्यातनंच जायचं की," म्हणत त्याने पेटीचंही तिकीट फाडलं.

वाडीचं नाव लिहीत नाही, कारण भाऊकी अजून नांदती आहे. शालूमावशी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या सारवलेल्या अंगणात, खुर्चीवर बसली होती. पावसाळ्यात घसरून तिचा गुडघा गेला होता. घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ पोटात गेल्यावर मी गाडी काढली आणि जांभ्या दगडांच्या गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या भिंतीवर, चढवून दाखवली. शेजारपाजार जमला. मावशी मात्र गाडीकडे न बघता घरामागच्या कातळाकडे बघत होती.

"जावयबापू, ह्या थंयपर्यंत जायत?"

कातळावर दोन माडांच्या उंचीवर राखणदाराचा पाषाण होता. घराची, शेताची राखण करणारा तो देव. वर्षातून एकदा, भात घरात आलं की, त्याच्यापुढे पानाचा विडा ठेवायचा आणि तो घरातल्या थोरल्याच्या हातानेच. मावशीचे यजमान, म्हणजे काका, गेल्यापासून तो मान मावशीचा होता. विडा दुसऱ्या हाताने ठेवला की मानही त्या हाताकडे गेला, अशी तिथली रीत. आणि तो दुसरा हात तयारच होता. काकांचा चुलतभाऊ दाजी, पलीकडच्याच घरात राहायचा. वाईट माणूस नव्हे, पण कोकणात मानासाठी माणूस कोर्टात म्हातारा होतो.

"तुला खुर्चीत बसवून नेऊ," संध्या म्हणाली.

"खांद्यावर मी एकदाच चढतलंय, आणि तेवा माका कोण विचारूचो नाय," मावशी म्हणाली. सगळे हसले. मग ती हळू आवाजात म्हणाली, "ह्या घरात माझा म्हणान तेवढाच आसा गो." तेव्हा कोणी हसलं नाही. माझ्यासाठी खेळणं असलेली गाडी त्या क्षणी खेळणं राहिली नाही, आणि खरं सांगतो, मला धडकी भरली.

दुसऱ्या दिवशी गाऱ्हाणं घालणाऱ्या, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालणाऱ्या घाडीबुवांना बोलावलं. दाजीही आला, बगलेत छत्री. डिसेंबरच्या कोरड्या उन्हातही ती त्याच्याबरोबर असायची. मुद्दा असा की रिमोटने ठेवलेला विडा मावशीच्या हातचा धरायचा का? दाजी म्हणाला, "हात वैनीचो खंय? हात जपानचो."

मावशीने स्वयंपाकघरातून डवली मागवली. डवली म्हणजे नारळाच्या करवंटीला लाकडी दांडा लावून केलेला डाव. ती तिने दाजीसमोर नाचवली. "काल ह्याच डवलेन तुका पिठी वाढलंय. कोणी वाढली? मी की डवलेन?"

घाडीबुवा सुपारी चघळत म्हणाले, "वाढतल्याचो हात." हात वाढणाऱ्याचाच, हे दाजीनेही मान्य केलं, पण अट घातली. गाडी एकदा खळ्यातून सुटली की कोणी हात लावायचा नाही. अडली आणि कोणी उचलली तर मान उचलणाऱ्याचा.

मावशीच्या आखडलेल्या बोटांना रिमोटची चिमुकली काडी धरवत नव्हती. मग वळवायच्या काडीवर त्याच डवलीचा दांडा बसवला, सुतळीने करकचून. गाडी पुढे घेण्याची काडी तिच्या डाव्या अंगठ्याला जमत होती. "सोलकढी ढवळतंय तसाच मा?" म्हणाली आणि संध्याकाळपर्यंत तिने खळ्यातल्या दोन कोंबड्यांना पळता भुई थोडी केली. बॅटरी आम्ही शेजारच्या टेम्पोवर चार्ज करून आणायचो.

सराव करताना प्लॅस्टिकची दांडी मोडली. म्हणून मालवणला गेलो. बाजारातल्या सायकलच्या दुकानात दांडीच्या जागी लावायला स्पोक घेतला, खानावळीत बांगड्याचं तिखलं आणि भात जेवलो, आणि संध्याने हट्टाने तारकर्लीला नेलं. तेव्हा तिथे राहायला काही नव्हतं. माड, होड्या आणि जाळी विणणारी माणसं, बस्स. पाणी इतकं स्वच्छ की घोट्यापर्यंत उभं राहून नखं मोजावीत. संध्या म्हणाली, "अहो, समुद्राकडे पाठ करून स्पोक कसला बघताय?" मी वाकवून बघत होतो. मनात शंका होती.

शंका खरी ठरली. विड्याच्या दिवशी सकाळी शेवटच्या चाचणीत गाडी दगडावर आपटली आणि स्पोक धनुष्यासारखा वाकला. दुसरा लावला असता तर तोही वाकला असता. माणसं जमू लागली होती, घाडीबुवा अंघोळ करून आले होते आणि मी वाकडी तार हातात धरून बसलो होतो. मावशी पदराने विड्याची पानं पुसत राहिली.

तेवढ्यात माझ्यासमोर छत्री आली.

"काडी काढा," दाजी म्हणाला. छत्रीची काडी पन्हळीसारखी दुमडलेली असते, तेवढ्याच जाडीच्या गोल तारेपेक्षा वाकायला कितीतरी चिवट. दाजीला हे कळत होतं, का छत्री सोडून त्याच्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं, देव जाणे. मी त्याच्याकडे बघतच राहिलो.

"बघतास काय? मान माका व्हयोच आसा. पण गाडी मोडली म्हणान नको."

काडी कापली, टोकं चेपून भोकं पाडली, बसवली. चाकं दगडाला टेकवून वळवली. वळली! गाडीच्या पाठीवर डब्याचं झाकण, त्यात विडा आणि एक झेंडूचं फूल. घाडीबुवा वर पाषाणाजवळ जाऊन उभे राहिले. मावशीने नमस्कार करून डवली धरली.

पहिला चढ सुरेख गेला. वाट मध्ये नागमोडी होती. दुसऱ्या वळणावर गाडीचं तोंड मावशीकडे झालं आणि घोटाळा झाला. गाडी आपल्याकडे तोंड करून आली की तिचं डावं ते आपलं उजवं होतं. खळ्यात हा सराव मी करून घ्यायलाच विसरलो होतो. मावशी डवली डावीकडे दाबत होती आणि गाडी भेगेकडे सरकत होती. पुढचं चाक भेगेत गेलं. विडा कलंडला, झाकणाच्या कडेला येऊन थांबला.

गाडीजवळ सगळ्यात पुढे दाजीच उभा होता. नुसतं वाकून हात घातला असता तरी चाललं असतं. मदतही झाली असती आणि मानही मिळाला असता, कोणी नावं ठेवली नसती. दाजीने दोन्ही हात पाठीमागे नेले, एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं आणि ओरडला, "वैनी, कढी उलटी ढवळ!"

मावशीने डवली उजवीकडे रेटली. काडीने तग धरला, चाक भेगेच्या कडेला चावलं, गाडी एकदा थरथरली आणि वर आली. मग दाजी तिच्या बाजूने उलटा चालत, हात पाठीमागे बांधून, "उलटी... आता सुलटी... सुलटी गो!" करत थेट पाषाणापर्यंत गेला. गाडी पाषाणाला टेकली, झाकण कलंडलं आणि विडा देवापुढे पडला.

घाडीबुवांनी वरून विचारलं, "हात कोणाचो?"

मावशीने सुतळीसकट रिमोट डोक्यावर धरला. "माझो!"

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान जी काय सेवा केली ती मान्य करून घे..." घाडीबुवांनी गाऱ्हाणं घातलं.

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज दाजीचा होता. मला रडू आलं, आणि ते लपवायचं मला सुचलंही नाही.

परतताना कुडाळमार्गे पिंगुळीला थांबलो. कळसूत्री बाहुल्यांचा खेळ बघितला. दोऱ्या बघून स्टिअरिंगची नवी कल्पना सुचली असं लिहिलं तर शोभेल, पण मी नुसता लहान मुलासारखा टाळ्या पिटत होतो. तुम्ही गेलात तर बाहुल्यांबरोबर चित्रकथीही, म्हणजे चित्रं दाखवत सांगितलेली गोष्टही, आवर्जून दाखवायला सांगा. पुण्याला आल्यावर आंब्याची पेटी माळ्यावर टाकली. रिकामी होती. गाडी मावशीकडेच ठेवून आलो होतो.

त्यानंतर दर डिसेंबरात माझी फेरी असते. मोटर बदलली, बॅटऱ्या बदलल्या, रिमोट तर तिसरा आहे. छत्रीची काडी मात्र तीच. मावशी पुढे बरीच वर्षं खळ्यात बसून विडा पाठवत राहिली, आणि शेवटी एकदाच खांद्यावर चढली.

त्या वर्षी मान रीतसर दाजीकडे आला. मी स्टिअरिंग तपासून गाडी त्याच्या हातात दिली, तेव्हा मनात म्हटलं, आता हिचं काम संपलं. दाजीचे पाय धडधाकट होते, कातळ तो सहज चढला असता. पण तो मावशीच्या खुर्चीशेजारी उभा राहिला, खुर्चीत बसला नाही, आणि डवली धरून विडा गाडीवरूनच वर पाठवला. घाडीबुवांनी वरून विचारलं, "हात कोणाचो?"

दाजीने हातातल्या डवलीकडे बघितलं.

"वैनीचो," तो म्हणाला.