बिनखुर्चीची बैठक

चित्रकलेच्या कॉलेजात मावशींचं काम एकच होतं: काहीही न करणं. भिंतीलगत चौथरा, चौथऱ्यावर खुर्ची, खुर्चीत मावशी आणि समोर अर्धगोलात विद्यार्थी. मावशी बसत, बाकीचे त्यांना काढत. ज्यांना हे सोपं वाटतं त्यांनी नाकावर माशी असताना एकदा बसून पाहावं. मुलांनी त्यांचं नाव ठेवलं होतं पुतळामावशी, आणि मावशी ते पदवीसारखं मिरवत.

घरी या पदवीला मान नव्हता. "बसून खाणारे पुष्कळ पाहिले," निवृत्त लिफ्टमन असलेले त्यांचे यजमान म्हणत, "पण बसण्याचंच खाणारी तू एकटी."

"आणि तुम्ही? जन्मभर स्टुलावर बसून वर-खाली केलंत. शेवटी पोचलात कुठे? तळमजल्यावरच ना?"

असा सुखाचा संसार चाललेला असताना एक दिवस पोझ संपवून मावशी उठल्या आणि वर्ग त्यांच्याभोवती फिरला. त्यांनी आधाराला समोरचं चित्र धरलं. चित्र त्यांचंच होतं, पण वेळेला तेही उपयोगी पडलं नाही. गालाला कोळसा फासलेल्या अवस्थेत त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आकडा पाहिला आणि भुवया वर नेल्या. बीपी.

विभागप्रमुख सर भले गृहस्थ होते, म्हणजे वाईट बातमी चहा पाजून सांगत. "आता सुट्टीच लागतेय, मावशी. कॉलेज उघडेल तेव्हा बीपी आटोक्यात आल्याचा डॉक्टरांचा दाखला आणा. नाहीच जमलं तर गोदामात प्लास्टरचा पुतळा आहे, आमचं अडणार नाही. तुम्ही काळजी करू नका."

मावशींनी काळजी केलीच नाही. त्यांचं डोकं फिरलं. "तो पुतळा?" त्या घरी येऊन गरजल्या. "नाक फुटलेला? तो बसणार माझ्या जागेवर?"

डॉक्टरीणबाईंनी रोजची गोळी दिली, मीठ तोडलं आणि व्यायाम सांगितला. व्यायाम म्हटल्यावर मावशींनी तोंड वाकडं केलं. पण हा प्रकार निराळाच निघाला. भिंतीला पाठ टेकून घसरत खाली यायचं, खुर्चीत बसल्यासारखे गुडघे वाकवायचे आणि तसंच थांबायचं. खाली खुर्ची मात्र नाही. मांड्या ताणलेल्या, शरीर जागच्या जागी. मिनिट-दोन मिनिटं झाली की विसावा, मग पुन्हा.

"म्हणजे न हलता बसायचं?"

"हो."

"आणि याला व्यायाम म्हणतात?"

"म्हणतात. नेमाने केलात तर बीपी उतरायला मदत होते."

मावशी घरी आल्या त्या गड जिंकल्यासारख्या. "ऐकलंत का? तीस वर्षं मी व्यायामच करतेय. डॉक्टरांनीच सांगितलं."

कपाट आणि दार यांच्यामधली भिंत मुक्रर झाली. पहिले काही दिवस मांड्या लटलटल्या, पण मावशी मुरलेल्या होत्या. लवकरच त्या भिंतीवर कोरल्यासारख्या बसू लागल्या. यजमानांनी एकदा गंमत म्हणून त्यांच्या गुडघ्यांवर चहाचा कप ठेवला. चहावरच्या सायीची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

आणि तरी पुढच्या तपासणीला बीपी जिथल्या तिथे. तेही जणू पोझ देऊन बसलेलं.

"गोळी घेता ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"न चुकता."

"मीठ?"

"घरात आता जखमेवर चोळण्यापुरतंच उरलंय. ते हे चोळतात."

"व्यायाम करून दाखवा बरं."

मावशी दवाखान्याच्या भिंतीला टेकून बसल्या. डॉक्टरीणबाई आधी कौतुकाने पाहत होत्या, मग जवळ आल्या, मग वाकल्या. "मावशी, श्वास?"

मावशी बोलल्या नाहीत. पोझमध्ये त्या बोलत नसत. चेहरा मात्र लाल होत चालला होता.

"उठा! आधी उठा!"

मग उलगडा झाला. श्वास घेतला की खांदे हलतात, खांदे हलले की मुलांची रेष चुकते. म्हणून मावशी चौथऱ्यावर श्वास चोरून घेत, मुलांच्या माना कागदाकडे वळल्या की पटकन थोडासा. भिंतीशी तर त्यांनी तो पुरता कोंडूनच ठेवला होता, कामात कुचराई नको म्हणून.

"असा श्वास कोंडलात तर प्रेशर उलट चढेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "श्वास मोकळा चालू हवा. जमत नसेल तर बोलत राहा. बोलताना तो कोंडता येत नाही."

"काय बोलू?"

"मनातलं बोला."

आपण कोणतं दार उघडतोय, याची त्या बाईंना कल्पना नव्हती. यजमान स्टूल घेऊन समोर बसू लागले आणि लग्नापासूनचं सगळं मनातलं त्यांच्या कानावर पडू लागलं. "व्यायाम तुझा," ते म्हणाले, "आणि दम मला लागतोय." पण एकही दिवस त्यांनी स्टूल चुकवलं नाही.

सुट्टी सरत आली तेव्हा बीपी उतरलं. "वर गेलेलं खाली येतंच," लिफ्टमननी निर्वाळा दिला, "फक्त मध्येच दार उघडायचं नाही." गोळी चालू ठेवायची, व्यायाम सोडायचा नाही, असं बजावून डॉक्टरीणबाईंनी दाखला लिहिला. खाली एक ओळ जोडली: कामावरही श्वास मोकळा घ्यावा.

सरांनी ती ओळ दोनदा वाचली. "म्हणजे तुम्ही हलणार?"

"हलणार."

"बोलणारसुद्धा?"

"लागलं तर."

"अहो मावशी, मग मुलांनी काढायचं कसं?"

"गोदामातल्याला काढा. बीपी नाही, कटकट नाही. दाखला मागितलात, आणला. श्वास बाहेर चपलांजवळ ठेवून आत यावं, असं त्यात लिहिलेलं नाही."

सरांनी चहा मागवला. तो यायच्या आत मावशी वर्गात जाऊन चौथऱ्यावर चढल्या होत्या. खुर्ची त्यांनी पायाने बाजूला सारली, पाठ भिंतीला लावली आणि घसरत नुसत्या हवेवर बसल्या. कोळशांना टोकं काढत बसलेल्या मुलांची खरखर थांबली.

"बघता काय? काढा," मावशी म्हणाल्या. "श्वासासकट काढा."

पहिल्या रांगेतल्या मुलीने खांदा काढला, खोडला, पुन्हा काढला, पुन्हा खोडला. मग वैतागून दोन्ही रेषा तशाच ठेवल्या. सर तिच्या मागे येऊन उभे राहिले.

"खांद्याला दोन रेषा कशाला?"

"दोनच आहेत, सर."

"तिसरी येतेय, थांब," चौथऱ्यावरून मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी सरांकडे बघत छातीभरून श्वास घेतला.