पेंडीतले विष शोधणाऱ्या प्रमिलाबाई

प्रमिलाबाई नेरूरकरांना मी प्रथम पाहिले तेव्हा त्या माश्यांना दूध पाजत होत्या. मासळीला नव्हे, माश्यांना. आपल्या ताटावर येऊन बसतात त्या घरमाश्यांना.

पन्नासचे दशक संपत आले होते. गुरांचा डॉक्टर म्हणून मी मालवणजवळच्या कट्टा गावी नुकताच रुजू झालो होतो. अशक्त वासरांना मोरीचे, म्हणजे शार्क माशाचे, तेल द्यावे असे माझ्या मनात होते. ते तेल तपासणारी एक लहानशी प्रयोगशाळा मालवणच्या किनाऱ्यावर आहे आणि तिथल्या प्रमुख एक बाई आहेत, एवढे ऐकून मी तिथे गेलो. दार ढकलले तोच आतून आवाज आला, "आधी दार लावा! माझ्या माश्या बाहेर जातील."

नऊवारी लुगडे, वर पांढरा कोट आणि हातात दूध-साखरेत भिजवलेला कापसाचा बोळा. जाळीच्या पेटीत शेकडो माश्या घोंघावत होत्या. मी पेटीत डोकावून पाहू लागलो तशा बाई हसल्या. म्हणाल्या, "बाहेरच्या माश्या डी.डी.टी.ला सरावल्यात हो. मला भोळ्या माश्या लागतात, जराशा विषानं मरणाऱ्या. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या इथंच वाढवते."

त्या काळी भातावर, नारळावर, घरांच्या भिंतींवर कीडनाशक पावडरी आणि फवारे सर्रास मारले जात. त्यातले किती आपल्या पोटात जाते, गुरांच्या पोटात किती जाते, हा प्रश्न विचारणारे माणूस आमच्या भागात तरी दुसरे नव्हते. बाईंना कोणी ते काम सांगितलेले नव्हते. तेल तपासून उरलेल्या वेळात त्या ते आपण होऊन करत. धान्य, मासळी किंवा पेंड घ्यायची, तिच्यातला अर्क काढून तो काचेच्या बरणीच्या आतल्या अंगाला सुकवायचा, आणि बरणीत माश्या सोडायच्या. विष असेल तर माश्या तडफडून पडतात. नसेल तर मजेत फिरतात. शेजारी माहीत असलेल्या मापाचे विष लावलेल्या बरण्या असत, त्यांच्याशी ताडून पाहायचे. हातात महागडे यंत्र नव्हते, पण पद्धत चोख होती. आज त्यांच्या पंचाहत्तरीच्या निमित्ताने हा गौरवग्रंथ निघत असताना, त्या बरण्यांनी आमच्या भागात काय करून दाखवले ते मी सांगणार आहे. मी ते डोळ्यांनी पाहिले आहे.

माझ्या दवाखान्यात एके दिवशी सकाळी महादेव नावाचा शेतकरी धावत आला. त्याच्या गोठ्यात एक म्हैस आडवी पडून पाय झाडत होती, दुसरी उभ्या उभ्या थरथरत होती. पहिली माझ्यासमोर गेली. दुसरी कशीबशी वाचली. त्या आठवड्यात आसपासच्या आणखी गोठ्यांतून तसेच निरोप आले. सगळीकडे खाणे एकच होते, खोबऱ्याची पेंड आणि तिच्यात मिसळलेली सुक्या मासळीची भुकटी.

ही भुकटी मालवणच्या मासेविक्रेत्या बायका करत. उरलीसुरली बारीक मासळी वाळवून, कुटून, कोंबड्यांना आणि गुरांना खाद्य म्हणून विकण्याची कल्पना बाईंचीच. त्यांनीच त्या बायकांना एकत्र आणले होते. साहजिकच सगळी बोटे भुकटीकडे वळली. मलेरियाच्या फवारणीवाल्यांकडची उरलेली डी.डी.टी. काही बायका वाळवणावर टाकतात, हे गावोगाव माहीत होते. कट्ट्याच्या बाजारात भुकटी तर कोणी घेईनाच, पण सुके बांगडेसुद्धा टोपल्यांत तसेच राहू लागले. काही ठिकाणी त्या बायकांना बाजारात बसूही दिले नाही.

मी नमुने घेऊन मालवणला पोहोचलो तेव्हा त्यांच्यातली भागीरथी प्रयोगशाळेच्या पायरीवर बसली होती. उंच, काळीसावळी, खणखणीत आवाजाची बाई. तिच्या शब्दावर तिथल्या बायका चालत.

"बाईनू, आमच्या मासळीक कोण हात लावूक तयार नाय," ती म्हणाली. "आमी आता खावचा काय? तुमी लिवन द्या, आमच्या भुकटीत काय एक नाय म्हणान."

"तपासल्याशिवाय मी काय लिवन देवचा नाय गो," बाई म्हणाल्या. त्या नेरूरच्या, या बायकांशी नेहमी त्यांच्याच बोलीत बोलत. "आणि तपासल्यार जा दिसात, ताच सांगतलंय. चलात?"

भागीरथी पायरीवरून उठली. मग म्हणाली, "चलात."

पुढचे दिवस मी दवाखान्यातून सुटलो की मालवणची एस.टी. पकडत असे. महादेवच्या गोठ्यातली मिसळलेली पेंड बरणीत गेली आणि माश्या पटापट उलट्या पडल्या. बायकांची भुकटी एकेक करून तपासली. माश्या मजेत. सगळ्या नमुन्यांत एकच नमुना असा निघाला की त्यातल्या माश्या मेल्या नाहीत, पण मंदावल्या. तो भागीरथीच्या वाळवणाचा होता.

बाईंनी तिला बोलावून घेतले. मी तिथेच होतो.

"होय, मारलंय मी पावडर," ती म्हणाली. "माश्यो बसतत म्हणान. पण तेवढ्यान म्हशी मरतत?"

"नाय मरनत. तुज्या भुकटीन म्हशी मराक नाय. पण पावडर तुज्या भुकटीत आसा, ता मी लिवतलंय."

भागीरथी उसळून उभी राहिली. "म्हणजे तुमी आमच्या बाजून नाय! सगळ्यांका सांगतल्यात, भागीच्या मासळीत वीख. मगे आमचा कोण आयकतलो?"

"एक खोटा लिवलंय तर बाकीचा खरासुद्धा कोण मानूचो नाय," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या बाजून म्हणानच ह्या सांगतंय."

भागीरथी तरातरा निघून गेली. बाईंनी खिडकीशी जाऊन नोंदवहीत तिच्या नमुन्याचा निकाल लिहिला. त्या बायकांना एकत्र आणायला त्यांना किती वर्षे लागली होती, ते मला ठाऊक होते. एका वाक्याने ते सगळे मोडू शकले असते. पण वाक्य बदलावे असा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. परत वळल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, भुकटी नाही तर मग पेंड. घाण्यावर चला."

तेलाच्या घाण्यावरची ताजी पेंड आम्ही आणली. तिच्यात माश्या जिवंत! दुकानात आलेली तीच पेंड घेतली, तर माश्या मेल्या. म्हणजे घाणा आणि दुकान यांच्या मध्येच काहीतरी घडत होते. दुकान कट्ट्याच्या अनंतशेटांचे; त्या सगळ्या गोठ्यांत पेंड तिथूनच गेली होती. आम्ही गेलो तेव्हा ते संतापले.

"बाईनू, पेंड घाण्यावरची ताजी आसा. तेच्यात वीख घालूक माका काय याड लागला हा?"

"तुम्ही घातलंत असं मी कुठं म्हणते?" बाई म्हणाल्या आणि त्यांचे लक्ष कोपऱ्यातल्या रिकाम्या पोत्यांकडे गेले. त्यांनी एक पोते उचलून नाकाशी धरले. खोबऱ्याच्या वासाखाली दुसराच एक कुबट वास येत होता. "ही पोती कुठली?"

अनंतशेटांनी सरळ सांगून टाकले. भातावर मारायची कीडनाशक पावडर त्यांच्याचकडे विकायला येई. तिची रिकामी पोती झाडून ते पेंडीला वापरत. धडधाकट पोती फेकायची कशाला! तेलकट पेंडीने पोत्याच्या धाग्यांतली पावडर शोषून घेतली होती. पोत्याचा हातभर तुकडा बाईंनी तपासायला नेला. त्या बरणीतल्या माश्या झपाट्याने मेल्या.

उत्तर सापडले, पण ते गावाला पटवायचे होते. त्याच सुमारास प्रयोगशाळेच्या पाहणीला वरिष्ठ साहेब आले. त्यांनी बाईंना विचारले, "अन्नात किंवा पेंडीत हे विष किती चालेल याची मर्यादा आपल्या नियमांत अजून आलेली नाही. मग कशाच्या आधारावर तुम्ही दोष ठरवणार?"

बाई म्हणाल्या, "साहेब, मर्यादा लिहिलेली नाही म्हणजे सगळं चालतं असं नव्हे. ती कुणीतरी आखायला हवी. आखायला आकडे लागतात, आणि ते आम्ही इथं गोळा करतोय." साहेब म्हणाले, "करा. मला प्रत पाठवा."

बाजाराच्या दिवशी बाईंनी कट्ट्याच्या भर रस्त्यात टेबल मांडले. बरण्या ओळीने ठेवल्या: कोरी बरणी, घाण्यावरची पेंड, दुकानातली पेंड, पोते, बायकांची भुकटी आणि शेवटी भागीरथीची. प्रत्येकीत माश्या सोडल्या आणि लोकांना म्हणाल्या, "आता तुमचा बाजार करा आणि येऊन बघा. मी इथून हलत नाही."

बाजार कोणी केला नाही. सगळे टेबलाभोवतीच उभे. पोत्याच्या बरणीतली पहिली माशी पडली तशी कुजबुज सुरू झाली. मग दुकानातल्या पेंडीच्या. भुकटीच्या बरणीत माश्या काचेवर चढत-उतरत होत्या. महादेव वाकून वाकून पाहत होता. एकदम सरळ झाला आणि म्हणाला, "म्हणजे माजी म्हस पोत्यान मारल्यान!"

गर्दी अनंतशेटांच्या दुकानाकडे वळली. बाई चटकन मध्ये उभ्या राहिल्या. "थांबा! ह्यांनी विष घातलेलं नाही. ह्यांनी पोतं बघितलं नाही. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि पोत्याबद्दल विचारताच खरं सांगितलं तेही ह्यांनीच."

अनंतशेट स्वतः दुकानात गेले, पोत्यांचा गठ्ठा ओढत बाहेर आणला आणि म्हणाले, "बाईनू, ह्येंचा काय करूचा ता सांगा." महादेवला त्याच हंगामात दुसरी म्हैस त्यांनी घेऊन दिली, कोणी न सांगता.

इकडे टेबलापाशी तेवढ्यात कोणीतरी विचारले, "ह्या शेवटच्या बरणीतल्यो माश्यो अश्यो मरगळल्यो कशाक?" बाईंनी तोंड उघडले, पण त्यांच्याआधी मागून खणखणीत आवाज आला.

"ती माजी!" भागीरथी गर्दी सारत पुढे आली. प्रयोगशाळेतून गेल्यानंतर ती बाईंकडे फिरकलीही नव्हती. "माज्या वाळवणाची. मी पावडर मारललंय. बाईंनी माका तोंडार सांगितल्यानी. तेंनी लपवक नाय, मगे मी कशाक लपवू? ह्येच्यापुढे आमच्या एका पण बायलेच्या वाळवणार पावडर पडाची नाय. पडली तर माका येवन सांगा!"

त्या दिवशी भागीरथीच्या टोपलीतले ताजे बांगडे सर्वांत आधी संपले.

वाचलेल्या म्हशीचा प्रश्न मात्र अजून बाकी होता. हे विष स्निग्धांशात साठते, म्हणजे दुधातून, लोण्यातून उतरते, असे बाईंनी महादेवच्या बायकोला समजावले. लोणी तपासले, माश्या मेल्या. दूध घरात, वासराला, कोणालाच द्यायचे नाही, असे ठरले. घरात लहान मुले. बाईंनी शेजारच्या घरी जाऊन त्या मुलांच्या दुधाची सोय लावून दिली आणि मगच एस.टी. पकडली. पुढे कित्येक आठवडे त्या दर खेपेला लोण्याची वाटी घेऊन जात. अखेर एकदा त्या वाटेवरूनच ओरडत आल्या, "माश्या जगल्या!" महादेवच्या बायकोने तरीही दुधाकडे भीतीनेच पाहिले. बाई म्हणाल्या, "पयलो पेलो मी पितंय." आणि उभ्या उभ्या पूर्ण पेला प्यायल्या. त्या घरात दिवाळीसारखा आनंद झाला. आम्हां सगळ्यांना दुधातले पोहे मिळाले.

त्यानंतरचे साठचे दशक म्हणजे बाईंच्या कामाचा बहर होता. बायकांनी बांबूच्या मांडवांवर जुन्या जाळ्यांची झाकणे घालून मासळी वाळवायला सुरुवात केली. नमुना पास झाल्याशिवाय भुकटीचे पोते हलत नसे, आणि पोते कोरे असे. आरोंद्यापासून नांदगावपर्यंतचे कोंबडीवाले "मालवणची तपासलेली भुकटी" मागू लागले. माश्यांच्या जोडीला बाईंनी कागदावर ठिपके उमटवून विष ओळखण्याची नवी पद्धत शिकून घेतली. डी.डी.टी. आणि भातावरची पावडर त्या कागदावर वेगळी दिसे. पुढे अन्नातल्या अशा अवशेषांची मर्यादा ठरवायला तज्ज्ञ बसले तेव्हा त्याच साहेबांनी बाईंचे आकडे मागवून घेतले. बाईंनी ते पाठवले आणि लगेच दुसऱ्या दिवशी मोरीच्या तेलाच्या कामाला लागल्या.

बाईंचा धाक होता तेवढीच माया होती. मला विषमज्वर झाला तेव्हा माझी पत्नी माहेरी, बाळंतपणाला. बाई रोज कोणाच्या ना कोणाच्या हाती पेज पाठवत आणि दर रविवारी स्वतः येत. माझ्या डॉक्टरांना त्या इतके प्रश्न विचारत की ते बिचारे बाई येण्याआधीच तपासून निघून जायचे. मी बरा झाल्यावर त्यांनी आमच्या विहिरीचे पाणी तपासले आणि ते शुद्ध होईपर्यंत आम्हांला उकळून प्यायला लावले. चांगुलपणासुद्धा त्यांना मोजून-मापून, खात्री करून करायची सवय.

त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुली आज ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांत काम करतात. बाजारात आलेला आंबा, भाजी, दूध, पेंड यांच्यावर त्यांची नजर असते, आणि काही जास्त आढळले तर त्या ते लिहितात, मग समोर कोणीही असो. बाईंनी त्यांना दिलेली ही खरी विद्या.

आज बाई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. गुडघे थोडे कुरकुरतात, पण आवाज तोच आणि प्रश्नही तेच. आमच्या या लाडक्या बाईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. त्यांच्या मुलींच्या हातांखालून यापुढेही हजारो नमुने जावोत, आणि त्यांतल्या एकातही काही न सापडो.