नीव्ह म्हणजे तेज

दुबईच्या करामा भागातल्या टायपिंग सेंटरमधले रत्नागिरीचे काका अरबी फॉर्म भरताना प्रत्येकाला हटकायचे, “यल्ला, चला, नावाचा अर्थ सांगा!” एकदा माझ्या आधी एक आयरिश बाई तान्ह्या लेकीला घेऊन बसली होती. लेकीच्या नावाचं स्पेलिंग पाहून काकांनी ‘नियाम’ टाइप केलं.

“खरं तर नीव्ह,” ती हसली. “जुन्या आयरिश भाषेत तेज. पण राहू द्या, इथे सगळे नियामच म्हणतात.”

“नो मॅडम! आमच्याकडची तेजश्रीच की ही!” काकांनी कागद फाडून नवा फॉर्म मशीनला लावला.

ती गेल्यावर मी म्हटलं, “काका, एका अक्षरासाठी एवढं?”

“अरे, माझ्या पासपोर्टवर नाव चुकलंय. वीस वर्षं त्या परक्या नावाला ओ देतोय.”