गैरहजर मुलींची यादी

मुलांनो, आज सकाळी आमच्या सोसायटीचा वॉचमन पट्टीने रेघा आखून येणाऱ्याजाणाऱ्यांची नावं लिहीत होता. त्याचं सुबक अक्षर पाहून मला माझी इंग्रजी शाळा आठवली.

‘चले जाव’ची चळवळ पेटली तेव्हा मी वर्गाची मॉनिटर होते. रोज गैरहजर मुलींची यादी करून मुख्याध्यापिकाबाईंना द्यायची, हे माझं काम. पहिल्या दिवशी मोर्चाला तिघी गेल्या, आठवड्याने अकरा, मग जवळजवळ सगळा वर्ग. गावातल्या धुसफुशीचा लढा झाला, तो मी असा माझ्याच यादीत वाढताना पाहिला.

माझी मैत्रीण कुसुम एकदा जाता जाता दारातून ओरडली, “मॉनिटरबाई, माझं नाव सगळ्यात वर लिहा हं!”

मी तसंच लिहिलं. त्या यादीवरून तिला शाळेतून काढलं आणि मला नीटनेटकेपणाचं बक्षीस मिळालं. ते मी कधी कुणाला दाखवलं नाही.

तुम्ही फोनवर विचारता, “आजी, स्वातंत्र्याच्या लढ्यात तू काय केलंस?” आजवर मी विषय बदलत आले. आता सांगते. त्या यादीत एकही खाडाखोड नव्हती, आणि माझं नावही नव्हतं.