कडूबाईंचं माप

कडूबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आमच्या बेडरूमच्या फरशीवर सरळ आडव्या पडल्या होत्या. गारखेड्यातला आमचा फ्लॅट नवा होता, सामान अजून यायचं होतं. पडद्याच्या दुकानातून माप घ्यायला कुणीतरी येणार, एवढंच मला ठाऊक होतं. आत जाऊन बघते तर पन्नाशीची एक बाई, पदर खोचलेला, गळ्यात टेप, छताकडे बघत निवांत पडलेली. मी घाबरून विचारलं, "बरं वाटत नाही का?"

"बरी हाय की," त्या पडूनच म्हणाल्या. "तुम्ही इथं निजणार. ऊन कुणाच्या तोंडावर येतंय ते मला उभ्यानं कसं कळंल? या, त्या बाजूला पडा तुम्ही."

मी मुकाट्यानं पडले. सकाळचं ऊन थेट माझ्या डोळ्यांत आलं.

"जाड कापड," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

स्वयंपाकघरात त्यांनी मला रिकाम्या ओट्यासमोर उभं करून भाजी परतायला लावली. कढई नाही, गॅस नाही, मी आपली हवेत हात फिरवतेय आणि त्या खिडकीशी वाकून बघताहेत. "लांब पडदा लावला तर एखाद्या दिवशी पेटंल. खालच्या अर्ध्या खिडकीला सुती लावू. वरून वाफ जाऊ द्या." तेवढ्यात माझा नवरा मिलिंद आला. बायको हवेत भाजी परततेय हे पाहून तो आल्या पावली परत बाहेर गेला.

कडूबाई फुलंब्रीकडच्या. माहेरी मेंढरं होती. नवरा लवकर वारला, मग त्या शिलाई शिकल्या आणि रोज सकाळच्या बसनं शहरात येऊ लागल्या. "मेंढरांमागं हिंडायचे तवा सावली कुठवर सरकंल हेच बघायचे," त्या सांगत. "आता तेच लोकांच्या घरात बघते."

खरी पंचाईत हॉलची होती. माझ्या माहेरी, हर्सूलला, आम्ही भावंडं पत्र्याच्या एका खोलीत वाढलो. तिची एकुलती खिडकी शेजारच्यांच्या भिंतीवर उघडायची. त्यामुळे हॉलला पडदाच नको, असा माझा हट्ट होता. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यांना उजेड टोचायचा. त्यांना जाड, गडद पडदा हवा होता. तीन दिवस आम्ही एकमेकींशी मिलिंदमार्फत बोलत होतो.

चौथ्या दिवशी कडूबाईंनी दोघींचं ऐकून घेतलं. दुपारचे चार वाजले होते, पश्चिमेची खिडकी तापली होती. त्यांनी आम्हाला खिडकीसमोर सतरंजीवर बसवलं आणि स्वतः मध्ये बसल्या. "जी आधी उठंल ती हरली. मग मी माप घेते."

आम्ही बसलो. माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता, सासूबाईंच्या काळ्या चष्म्याखालून पाणी. त्याही हटेनात, मीही हटेना. मिलिंदनं चहा आणून दिला आणि लगेच सटकला. अर्धा तास झाला असेल, आम्हा दोघींच्या मधून घोरण्याचा आवाज आला. पंच झोपले होते. मी सासूबाईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे, आणि आम्ही अशा हसत सुटलो की चहा सतरंजीवर सांडला.

कडूबाई दचकून उठल्या. "कोण हरलं?"

"तूच," सासूबाई म्हणाल्या.

शेवटी दोन रॉड बसले. एकावर पातळ जाळीचा पडदा, दुसऱ्यावर जाड. ऊन उतरलं की सासूबाई स्वतःच जाड पडदा बाजूला सारून ठेवू लागल्या.

काम संपलं तरी कडूबाई येत राहिल्या. मागच्या हिवाळ्यात मात्र आल्या आणि गळ्यातला टेप बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "एक माणूस हाय. कंडक्टर होता, आता रिटायर झाला. बायको जाऊन लई वर्षं झाली. लगीन करू म्हणतो."

"मग?"

"भाऊ म्हणतो, या वयात शोभतं का. साक्षीला बी कुणी येईना."

मला वाटलं, सासूबाई आता चांगलंच सुनावणार. लग्नकार्यात कुणाचं कुठं चुकलं ते बरोबर लक्षात ठेवणाऱ्या त्या. त्यांनी चष्मा पुसला.

"माणूस कसा आहे?"

"चांगला हाय. मी गेले की चहा तोच करतो."

"मला घेऊन चल. सही येते मला."

पुढच्या महिन्यात विवाह नोंदणी कार्यालयात सासूबाईंनी पहिली सही केली, जाड भिंगातून कागदाला नाक लावून. दुसरी मी, तिसरी मिलिंदनं. भाऊ आला नाही. कडूबाईंचे डोळे दोनदा दाराकडे गेले, मग त्यांनी पदर सारखा केला आणि हार घातला. मग कंडक्टरसाहेबांनी त्यांना घातला. दुपारच्या बसनं दोघं त्यांचं शहरातलं भाड्याचं घर सोडून त्यांच्या जालन्याकडच्या गावी निघणार होते, कायमचे.

बाहेर पायऱ्यांवर पेढे वाटताना सासूबाईंनी विचारलं, "ओळख कशी गं झाली?"

"पडद्यावरनं. आधी म्हणाला, आखूड झाला. मग म्हणाला, लांब झाला. मग रंग पसंत नाय. सात वेळा माप घ्यायला बोलावलं."

"एवढ्या खिडक्या आहेत घराला?"

कडूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते पेढ्यांच्या दुसऱ्या बॉक्सची दोरी सोडवण्यात फार गुंतलेले होते.

"एकच हाय," त्या म्हणाल्या. "अन् ती बी न्हाणीची."