आधी किंमत सांगा

अर्लीन पेल्टिए गावात तापट म्हणून प्रसिद्ध होती, आणि तिचा राग उगाचचा कधीच नसे. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तर टोकाला, बटाट्याच्या शेतांमधल्या त्या गावात शाळेच्या स्वयंपाकघरात तिची हयात गेली. निवृत्त झाल्यावर घेवड्याच्या जेवणाचं काम तिच्या गळ्यात पडलं. कुणी आजारी पडलं की शुक्रवारी सभागृहामागच्या खड्ड्यात निखारे पेटायचे. घेवडा, खारं डुकराचं मांस आणि काकवी घातलेली हंडी रात्रभर त्यात पुरायची आणि शनिवारी सारं गाव पैसे देऊन जेवायचं. जमलेले डॉलर रुग्णामार्फत इस्पितळात जायचे. आणि मानाचं पहिलं ताट कुणाला, तर इस्पितळाच्या व्यवस्थापकाला. ज्याने गावाला सोलायचं, त्यालाच आधी वाढायचं आणि वर त्याचे आभारही मानायचे. या खुळेपणाचं अर्लीनलाही कधी काही वाटलं नव्हतं. वाढायची तर तीच.

मग तिच्या नवऱ्याचा, रोझेरचा, खुबा झिजला. बिचारा जिना बसून चढू लागला. सांधा बदलायचा ठरला, तेव्हा खर्च किती येईल, एवढंच तिने इस्पितळाला विचारलं. ऑपरेशन झाल्यावर कळेल, म्हणाले. विमा कंपनी म्हणाली, ते इस्पितळ ठरवतं. इस्पितळ म्हणालं, ते विम्यावर आहे. या टोलवाटोलवीने अर्लीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

रोझेरसाठीही हंडी पुरली गेली. शनिवारी व्यवस्थापक क्लिफर्ड हॅस्केल आला आणि पन्नासची नोट दाराजवळच्या पैशांच्या बरणीत टाकून पहिल्या टेबलावर बसला. अर्लीन डाव घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"क्लिफर्ड, आत येताना दारावर काय वाचलंस?"

"जेवण दहा डॉलर."

"जेवायच्या आधी कळलं ना? मग रोझेरचा खुबा केवढ्याला?"

"अर्लीनबाई, ते इतकं सोपं नसतं. सोमवारी ऑफिसात या. तुमच्यासाठी काहीतरी कमी करू."

"माझ्यासाठी? आणि पुढच्या महिन्यात ज्याच्यासाठी हंडी पुरू, त्याचं काय? शाळेत मी तुला जेवू घातलंय रे. किंमत लपवायला तुला कुणी शिकवलं?"

कोपऱ्यातून रोझेर म्हणाला, "पुरे कर गं. माझा पाय आहे तो."

"तुझाच आहे, म्हणून तर विचारते," अर्लीन म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "इस्पितळाच्या दारावर भाव लागेपर्यंत या हंडीतला एक डॉलरही तिकडे जाणार नाही. आजचं जेवण फुकट. आपापले पैसे परत घ्या."

कुणी जागचं हललं नाही. ते पैसे रोझेरच्या पायासाठी होते, त्यांना हात कोण लावणार? अर्लीनलाही ते उमगलं आणि ती खाली बघू लागली.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. पाय ओढत रोझेर बरणीपाशी पोचला. मग त्याने वरची पन्नासची नोट काढली आणि हॅस्केलच्या ताटाशेजारी ठेवली.

"लंगडतोय तसा लंगडेन अजून," तो म्हणाला. "पण किंमत कळल्याशिवाय तुझ्या ऑपरेशनच्या टेबलावर झोपणार नाही."

मग बरणी काखेत मारून, बाकीच्यांचे पैसे परत द्यायला तो दुसऱ्या टेबलाकडे वळला.